युक्तिवाद रंगला, पण कागदावर काय उतरलं?

पत्र:

‘सर, मी सोलापुरात चार वर्षांपासून वकिली करते. माझ्याकडे जास्त करून मोटार अपघाताचे क्लेम (भरपाईचे दावे) येतात, पक्षकार बहुतेक पूर्व भागातले. सध्या एका विधवा बाईंचं काम चालू आहे. त्यांचे पती पॉवरलूमवर कामाला होते, वय ३४, आठवड्याला साडेतीन हजार रोख मिळायचे. अक्कलकोट रोडवर रात्री ट्रकने मोटारसायकल उडवली. मागे या बाई (विड्या वळतात), दोन मुलं आणि सासू. अमेरिकेतले वकील ज्युरीला कसं जिंकतात, हे मी यूट्यूबवर खूप पाहिलंय. तसंच एक जोरदार ओपनिंग तयार करून गेले. न्यायाधीश साहेब दोन मिनिटांत म्हणाले, “मॅडम, शपथपत्र दाखल केलंय ना? मग पुढे चला.” नंतर इन्शुरन्सच्या वकिलांनी उलटतपास घेतला. बाई घाबरल्या, रडल्या आणि नको त्या प्रश्नाला “हो” म्हणून बसल्या. आता “पतीला आठ हजारांपेक्षा जास्त मिळत नव्हते” असं रेकॉर्डवर आलंय. माझ्यात पटवून देण्याची ताकदच नाही का? ती कशी कमवायची?

एक ज्युनिअर, सोलापूर’

मॅडम,

ताकद आहे, पण तुम्ही ती भलत्याच ठिकाणी खर्च केलीत. ते व्हिडिओ ज्या कोर्टातले आहेत तिथे दिवाणी दाव्यातही ज्युरी बसते. १७९१ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीपासून तिथल्या केंद्रीय (फेडरल) कोर्टांत तो माणसाचा हक्कच आहे. सहा ते बारा अनोळखी माणसं काही दिवस समोर बसतात, वकील त्यांच्या डोळ्यांत बघून बोलतो आणि ती आत जाऊन आकडा ठरवतात. दुःखाचा आकडासुद्धा तीच ठरवतात. म्हणून तिथे आवाज, हातवारे, थांबून टाकलेला सुस्कारा, या सगळ्याला किंमत येते. (तिथेही ‘स्वतःला या बाईच्या जागी ठेवून बघा’ असं ज्युरीला सरळ सांगायला साधारणपणे बंदी आहे. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.)

आपल्याकडे समोर एकच माणूस असतो, त्याचा बोर्ड (दिवसाच्या कामांची यादी) भरलेला असतो आणि तुमचं ऐकता ऐकता तो स्टेनोला पुढच्या कामाचा रोजनामा सांगत असतो. त्यातही आज साक्ष ऐकणारे साहेब निकालाच्या वेळी त्याच खुर्चीत असतील याची खात्री नाही. मध्ये बदली झाली की नवीन साहेब फाईल उघडतात. बाई रडल्या, आवाज चिरला, कोर्ट हॉल गप्प झाला, यातलं काही त्या फाईलमध्ये नसतं. तिथे फक्त साक्षीचे टाईप केलेले कागद असतात. अपील झालं, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून आपली अपिलं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात, आणि तिथेही हेच कागद वाचले जाणार. म्हणून पटवायचं असेल तर आधी कागदाला पटवा, माणूस त्यामागून पटतो.

आता तुमच्याच केसचा हिशेब मांडतो. नुसतं तत्त्व सांगून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा (२००९) निवाड्याप्रमाणे ३१ ते ३५ वयोगटाला गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा) १६. अवलंबून चार जण, म्हणजे स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. प्रणय सेठी (२०१७) निवाड्याप्रमाणे कायम नोकरी नसलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जास्त. महिना १५ हजार धरले तर वाढीसह २१ हजार, चौथा हिस्सा वजा जाता १५,७५०, वर्षाचे १ लाख ८९ हजार, गुणिले १६ म्हणजे ३० लाख २४ हजार. आता आठ हजार धरून हाच हिशेब करा. येतात १६ लाख १२ हजार ८००. एका ‘हो’ची किंमत १४ लाख ११ हजार २०० रुपये. दुसऱ्या बाजूने बघा: महिन्याच्या उत्पन्नातला प्रत्येक एक हजार रुपया तुम्ही शाबीत केलात की त्या घरात २ लाख १ हजार ६०० येतात.

आणि दुःखाचे किती? पती गेल्याचं, वडील गेल्याचं दुःख ‘कन्सॉर्शियम’ या नावाखाली येतं. प्रणय सेठीत त्याचा दर ४० हजार ठरवून दिलाय, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. मॅग्मा (२०१८) निवाड्यानंतर मुलांना आणि आईलाही तो मागता येतो, तेवढा न विसरता मागा. अंत्यविधीचे १५ हजार, इस्टेटीच्या नुकसानीचे १५ हजार, तेही ठरलेले. तुम्ही कितीही हृदयद्रावक बोललात तरी या आकड्यांत फारसा फरक पडणार नाही. तुमचं सगळं ओपनिंग नेमकं याच भागावर होतं, असं पत्रावरून दिसतं. ज्या खान्यात रक्कम आधीच छापलेली आहे तिथे घसा कोरडा करायचा आणि जो खाना (उत्पन्नाचा) उघडा आहे तिथे साक्षीदारच न्यायचा नाही, हे काही बरं नाही.

ते ‘हो’ कसं आलं, तेही बघूया. प्रश्न बहुधा असा असणार: ‘तुमच्या पतीला आठ हजारांपेक्षा जास्त मिळत नव्हते, हे म्हणणे खरे नाही काय?’ मराठी ज्याची मातृभाषा आहे तोसुद्धा कठड्यात उभा राहून या प्रश्नावर अडखळेल. पूर्व भागात तेलुगू भाषिक विणकर जास्त, म्हणजे तुमच्या बाई घरी तेलुगू बोलत असणार. एका वाक्यात दोन नकार, वर ‘काय’ची शेपटी. त्यांनी आपलं ‘हो’ म्हणून टाकलं, म्हणजे ‘हो, तुमचं खरं नाही’. साहेबांनी स्टेनोला सांगितलं: ‘हे खरे आहे की माझ्या पतीला दरमहा रु. ८,०००/- पेक्षा जास्त मिळत नव्हते.’ कुणी लबाडी केली नाही, पण कागदावर कबुली उतरली.

त्या क्षणी तुम्ही उठायला हवं होतं. आवाज न चढवता एवढंच: ‘साहेब, प्रश्नात दोन नकार आहेत, साक्षीदाराला तोडून विचारावा.’ आठ हजार मिळायचे का? जास्त मिळायचे का? किती मिळायचे? बहुतेक न्यायाधीश हे ऐकतात, कारण त्यांनाही गोंधळाचं उत्तर नको असतं. साक्षीदाराला मराठी नीट कळत नसेल तर साक्ष सुरू व्हायच्या आधीच तसं सांगून दुभाष्या मागायचा. सोलापुरात तेलुगू-कन्नड जाणणारं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. स्टेनोच्या स्क्रीनवर किंवा कागदावर काय टाईप होतंय तिकडे तुमचं लक्ष हवं. साक्षीदार बोलला एक आणि उतरलं दुसरं, तर दुरुस्ती तिथेच मागायची. सही झाल्यावर ओरडणं म्हणजे वरातीमागून घोडं. आणि उलटतपास संपल्यावर फेरतपासाची परवानगी मागून तीन साधे प्रश्न विचारता आले असते: आठवड्याला किती आणत? कोणत्या वारी? घरात तुमच्या हातात किती देत?

शपथपत्राचंही विचारतो. ते इंग्रजीत होतं का? २००२ च्या दुरुस्तीपासून सरतपास (आपल्याच साक्षीदाराची मूळ साक्ष) शपथपत्रावर होतो, म्हणून आपण सगळे ऑफिसात जुन्या मजकुरात नावं बदलून छापतो. मग उलटतपासातला पहिला प्रश्न येतो: ‘यात काय लिहिलंय ते तुम्हाला सांगता येईल का?’ ‘नाही, वकिलांनी लिहिलं.’ तिथून पुढे शपथपत्रातल्या प्रत्येक वाक्याचं वजन अर्धं होतं. साक्षीदाराच्या भाषेत लिहा, त्याच्या तोंडचं लिहा. ‘मयत हा कुटुंबातील एकमेव कमावता असून अत्यंत कष्टाळू होता’ हे वाक्य साहेबांनी इतक्या वेळा वाचलेलं असतं की नजर त्यावरून घसरते. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘माझे पती रात्रपाळीला चार माग बघत. शनिवारी पगार व्हायचा. त्यातले तीन हजार ते माझ्याकडे देत, पाचशे स्वतःजवळ ठेवत. मी विड्या वळते, हजारी हिशेबाने मजुरी मिळते, ती किराण्याला जायची. घरभाडं आणि मुलांची फी पतीच्या पैशातून.’ यात विशेषण एकही नाही, आणि उलटतपासात हे मोडायला अवघड आहे, कारण बाईंना ते पाठ करावं लागत नाही.

दुबळी बाजू आपणच आधी सांगायची. रेशन कार्डावर किंवा शाळेच्या स्कॉलरशिपसाठी काढलेल्या तहसीलदारांच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय, ते पाहिलंत का? नक्की कमी असणार. पूर्व भागातल्या कोणत्याही घरात जा, दाखल्यावरचं उत्पन्न आणि खरं उत्पन्न यांची भेट झालेली नसते. इन्शुरन्सचे वकील तो कागद खिशातून काढणारच. त्यांच्या हातून आला की ती चोरी दिसते, आणि तुमच्या शपथपत्रात आधीच ‘दाखला एजंटाने काढून दिला, त्यावरची रक्कम त्याने टाकली, पतीचा पगार रोखीने होत असे’ असं असलं की तो नुसता तपशील राहतो. अर्थात खरं असेल तरच. साक्षीदाराची तयारी करून घेणं वेगळं आणि त्याला पढवणं वेगळं. बाईंना आदल्या दिवशी रिकाम्या कोर्टात नेऊन कठडा दाखवा, कोण कुठे बसतं ते सांगा, प्रश्न पूर्ण ऐका, कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणा, अपघात पाहिला नसेल तर ‘पाहिला नाही’ म्हणा, इतकं सांगा. उत्तरं मात्र देऊ नका. पढवलेला साक्षीदार तिसऱ्या प्रश्नाला ओळखू येतो, आणि मग त्याचं खरंही खोटं वाटायला लागतं.

त्या व्हिडिओंमधली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचला: उलटतपासाची शिस्त. सूचक प्रश्न, एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि शेवटचा ‘का’ विचारायचा नाही. तुमच्या केसमध्ये ट्रक ड्रायव्हर साक्षीला आला, तर तो म्हणणार की मोटारसायकल राँग साईडने आली. घटनास्थळाचा पंचनामा काढा. समजा त्यात मोटारसायकल आणि काचांचे तुकडे सोलापूरकडे येणाऱ्या बाजूच्या साईडपट्टीवर दाखवलेत. मग असं:

‘तुम्ही अक्कलकोटच्या दिशेने चालला होता?’ हो.
‘मोटारसायकल समोरून, सोलापूरकडे येत होती?’ हो.
‘म्हणजे तिची बाजू तुमच्या उजव्या हाताला?’ हो.
‘अपघातानंतर मोटारसायकल तुमच्या उजव्या हाताच्या साईडपट्टीवर पडलेली होती?’ हो.
‘काचाही तिथेच होत्या?’ हो.

इथे बसा. जीभ चावून बसा. ‘मग ती राँग साईडने कशी?’ हा प्रश्न तोंडावर येईल, येऊ देऊ नका. विचारलात की तो म्हणेल, ‘साहेब, धडक बसली आणि उडून तिकडे पडली.’ तुम्हीच त्याला दार उघडून दिलंत. तो ‘कशी?’ युक्तिवादासाठी राखून ठेवा, तिथे ड्रायव्हर उत्तर द्यायला नसतो. ही पाच ‘हो’ कागदावर आली की इन्शुरन्स कंपनीची दोघांच्याही चुकीची थिअरी लंगडी पडते. २० टक्के दोष मयताच्या माथी मारला गेला, तर ३० लाख २४ हजारांतले ६ लाख ४ हजार ८०० जातात, हेही डोक्यात ठेवा. आणि ड्रायव्हर साक्षीला आलाच नाही तर ‘उत्तम माहिती असलेला माणूस कठड्यात का आला नाही’ हे एक वाक्य पुरतं. बाईंनी अपघात पाहिला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. बिमला देवी (२००९) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की क्लेममध्ये फौजदारीसारखा संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघायचं. फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र यांच्या खऱ्या प्रती निशाणीवर (पुराव्यात क्रमांक पडून) आल्यात ना, एवढं तपासा.

जखमींच्या केसेसही तुमच्याकडे असणार, म्हणून थोडं विषय सोडून. तिथे पटवण्याला खरोखर जागा आहे आणि तीच जागा बहुतेक ज्युनिअर मोकळी सोडतात. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर २५ टक्के असतं, आपणही २५ टक्क्यांवर हिशेब करतो आणि मोकळे होतो. राजकुमार वि. अजयकुमार (२०११) हा निवाडा वाचा. शरीराचं अपंगत्व किती आणि कमाईची ताकद किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ शंभर टक्के संपतो, सरकारी कारकुनाचा पगार कदाचित तसाच चालू राहतो. आता मागावरचा कामगार घ्या. उजव्या हाताची दोन बोटं गेली. डॉक्टरांना कठड्यात आणा आणि त्यांना टक्केवारी विचारण्याआधी काम विचारा: तुटलेला धागा शोधून चिमटीत धरून गाठ मारायला कोणती बोटं लागतात? ती चिमूट आता होते का? चालू मागावर हे दिवसातून किती वेळा करावं लागतं, ते सहकाऱ्याकडून वदवून घ्या. मग टक्केवारीवर या. डॉक्टरांना न बोलावता नुसता दाखला लावणाऱ्या वकिलाने नंतर रक्कम कमी आली म्हणून कुरकुर करू नये.

युक्तिवाद. हो, तोही करायचा असतो, पण शेवटी आणि थोडा. साहेबांच्या हातात एक कागद द्या: एका बाजूला मुद्दा, समोर निशाणी क्रमांक आणि साक्षीचा परिच्छेद, खाली हिशेबाचा तक्ता. निवाडे दोन, फार तर तीन. परिच्छेदावर खूण करून. बारा निवाड्यांचा गठ्ठा दिला की एकही वाचला जात नाही. तक्ता असा करा की तो निकालपत्रात तसाच उतरवता येईल. रात्री घरी बसून निकाल सांगणाऱ्या माणसाचं काम तुम्ही सोपं केलंत तर तो तुमच्या कागदाकडे परत वळतो. मागणी कमी लिहिली गेली असेल तरी घाबरू नका, नागप्पा (२००३) निवाड्याप्रमाणे मोटार अपघात न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकतं. तुमच्या विरुद्ध जाणारा मुद्दा आधी स्वतः घ्या आणि मग उत्तर द्या. इन्शुरन्सच्या वकिलांनी तो काढेपर्यंत थांबू नका.

लोकअदालतीत बसलात तर हाच तक्ता तिथेही चालतो. समोर कंपनीचा अधिकारी असतो, त्याला वर फाईल पाठवायची असते, त्याला भाषण नको असतं, कारण हवं असतं. फक्त पक्षकाराला आधी स्पष्ट सांगा की लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

व्हिडिओंतलं आणखी एक तिकडचं तिकडेच राहू द्या: निकालातला हिस्सा फी म्हणून घेणं. तिथे ते चालतं, बार कौन्सिलच्या नियमांत आपल्याला ते चालत नाही. तुम्ही विचारलेलं नाही, पण चार वर्षं झालेल्या वकिलाला हे कुणी ना कुणी सुचवतंच.

आता त्या आठ हजारांचं काय. साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर १८, रूल १७ खाली देता येईल, पण उलटतपासात पडलेलं भोक बुजवायला कोर्ट ती परवानगी सहसा देत नाही. त्यावर विसंबू नका. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: बाई स्वतः कारखान्यात पगार वाटायला बसत नव्हत्या. पगाराची खरी माहिती ज्याला आहे त्याने वेगळं सांगितलं, तर बाईंच्या एका गोंधळलेल्या उत्तरापेक्षा त्याचं वजन जास्त, असं म्हणायला जागा राहते.

मालकाकडे स्वतः जाऊन भेटा. तो यायला तयार नसेल, कारण साक्षीला आला की पीएफ आणि ईएसआयचे प्रश्न त्याच्यावरच उलटतील. त्याची ती भीती खरी आहे, तिला हसू नका. तो नाहीच म्हणाला तर हजेरी आणि पगाराच्या वहीसह साक्षीचं समन्स काढा. वही ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तरी ते रेकॉर्डवर येऊ द्या. त्याबरोबर त्याच शेडमधला, त्याच पाळीचा, तेवढेच माग बघणारा एक सहकारी आणा. तो स्वतःचा दर सांगेल, आणि मयताचाही तोच होता हे सांगेल. सहकारी कामावर असल्याने येताना बिचकेल, त्याला त्या दिवसाची मजुरी बुडते हे विसरू नका. शिवाय अपघाताच्या तारखेला पॉवरलूम उद्योगासाठी लागू असलेली किमान वेतनाची अधिसूचना काढून लावा. काहीच जमलं नाही तरी आठ हजारांच्या खाली-वर कुठे थांबायचं, याला तो सरकारी कागद आधार देतो. बचत गटाचा हप्ता, घरभाड्याच्या पावत्या, शाळेची फी, यांची बेरीज आठ हजारांच्या पुढे जात असेल तर तीही एका कागदावर मांडा. आठ हजार मिळवणारा माणूस तेवढा खर्च कुठून करत होता, हा प्रश्न मग तुम्हाला विचारावाच लागत नाही.

पुढच्या तारखेला पुरावा बंदची पुरसीस (आमचा पुरावा संपला असं लेखी) देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. साक्षीदारांची यादी आणि समन्सचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि साक्षीदाराचा भत्ता अर्जासोबतच भरा, नाहीतर समन्स टेबलावरून हलत नाही आणि ती तारीख फुकट जाते.